एकोणिसावा गुरु



गेल्या चातुर्मासात आपल्या मंदिराच्या सभामंडपात श्रीएकनाथी भागवतावर आमची प्रवचने झाली, हे नित्याच्या श्रोत्यांच्या स्मरणात असेलच. त्या मालेतील एका सायंकाळी आम्ही जे बोललो, त्यातील काही भाग अपुरा होता आणि काही भाग उघड उघड चुकीचा होता. चूक सभेत झाली, तेव्हा तिची दुरुस्तीही सभेपुढेच व्हावयास हवी. पुढील मालेस अद्याप अवकाश असल्याने ती या पत्रिकेच्या द्वारे करीत आहोत. ही दुरुस्ती करण्यास आम्हांस ज्यांनी भाग पाडले, ते गृहस्थ अवघे दहा महिन्यांचे असून वरच्या बाजूस दोन व खालच्या बाजूस दोन एवढेच त्यांचे दात आहेत, हे वाचून कोणास हसू आल्यास त्यांनी खुशाल हसावे. त्या गृहस्थांना हसणारी माणसे फार प्रिय आहेत.

विषय होता अवधूताच्या चोवीस गुरूंचा. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात, सातव्या अध्यायापासून नवव्या अध्यायापर्यंत, यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आला आहे. हा अवधूत म्हणजे साक्षात श्रीदत्तात्रेय, असे आपली परंपरा मानते. 'हा आनंद तुम्ही कोठून मिळविला?' असे राजाने विचारताच अवधूताने पृथ्वीपासून कुंभारमाशीपर्यंत आपले चोवीस गुरु सांगितले. त्यांत एकोणिसावा गुरु अर्भक हा आहे. चोचीतील मांसाचा तुकडा टाकून देताच सुखी झालेला कुरर पक्षी त्याच्या अलीकडे, आणि आवाज होऊ नये म्हणून हातांतील कंकणे उतरविणारी कुमारी त्याच्या पलीकडे, अशा दोघांच्या मध्ये हे बाळ बसलेले आहे. त्याला मान ठाऊक नाही, अपमान ठाऊक नाही, घरादाराची विवंचना नाही. जगात निश्चिंत असे दोघेच, एक काही न जाणणारे मूल आणि दुसरा गुणांच्या पलीकडे गेलेला पुरुष, असा अवधूताचा अभिप्राय आहे. नाथमहाराजांनी 1573 साली वाराणसीस पूर्ण केलेल्या आपल्या टीकेत हा सर्व प्रसंग मराठीत आणला, तो आधार घेऊन आम्ही त्या दिवशी तासभर बोललो.

येथवर सर्व ठीक होते. परंतु बोलण्याच्या भरात, बाळाच्या निश्चिंततेच्या शेजारी त्याच्या आईची अवस्था पाहा, असे म्हणून आम्ही मातांच्या काळजीची नक्कल केली. रात्रीतून चार वेळा उठून बाळाचा श्वास चालू आहे की नाही हे पाहणारी आई आणि एक शिंक येताच मीठमोहऱ्या ओवाळावयास धावणारी आजी आम्ही हुबेहूब उभी केली. पुरुषांच्या बाजूस मोठा हशा पिकला. 'बाळ मुक्त आहे आणि आई बद्ध आहे, याचेच नाव मोह', असा समारोप करून आम्ही पोथी बांधली.

स्त्रियांच्या बाजूस हशा झाला नव्हता, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही. त्या बाजूस तिसऱ्या ओळीत आमची सौभाग्यवती तीन महिन्यांच्या चिरंजीवांस मांडीवर घेऊन बसली होती. घरी परतताना तिने एवढेच विचारले, "अहो, रात्री उठून श्वास पाहतात हे तुम्हांला कसे कळले? तुम्ही तर झोपलेले असता." आम्ही तो विनोद समजलो आणि मोठ्याने हसलो.

पुढील सात महिन्यांत एकोणिसाव्या गुरूंनी आमची जी शिकवणी घेतली, तिचा थोडक्यात वृत्तांत देतो.

पहिला पाठ देवघरात झाला. आमच्या देव्हाऱ्यात सौभाग्यवतीच्या माहेरून आलेला, मुठीएवढा, पितळेचा रांगता बाळकृष्ण आहे. एके सकाळी अभिषेकासाठी देव ताम्हनात मांडून, डोळे मिटून आम्ही पुरुषसूक्त म्हणत होतो. डोळे उघडून पाहतो तो ताम्हनात एक देव कमी. चौरंगाखाली पाहिले तेव्हा चिरंजीव तेथे निवांत बसले असून त्यांनी बाळकृष्णाचे मस्तक तोंडात धरले होते आणि नव्या दातांची धार त्यावर तपासून पाहणे चालू होते. एका रांगत्याने दुसऱ्या रांगत्यास पकडले होते. आम्ही हात पुढे करताच चिरंजीव असे काही खदखदून हसले की, पुढली ऋचा आम्हांस काही केल्या आठवेना. पुरुषसूक्ताचा आरंभ पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.

दुसरा पाठ लेखनाच्या मेजाशी झाला. 'क्षमा' या विषयावरील प्रवचनाची तीन पानांची टिपणे आम्ही मोठ्या परिश्रमाने तयार केली होती. पाणी पिऊन परत येतो तो तीनांपैकी दीड पान जमिनीवर आढळले. उरलेल्या दीड पानाचे चिरंजीवांनी काय केले, हे सौभाग्यवतीस दुसऱ्या दिवशी लंगोट धुताना कळले. आम्हांस संताप आला, आवाज चढला. चिरंजीवांचा ओठ क्षणभर थरथरला, डोळ्यांत पाणी उभे राहिले आणि एवढ्यात आमच्या नाकावर घसरलेला चष्मा पाहून त्यांना पुन्हा हसू फुटले. आमचा राग मात्र दुपारच्या जेवणापर्यंत पुरला. क्षमेवर टिपणे कोणी काढली होती आणि क्षमा कोणी केली, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

तिसरा पाठ बैठकीत झाला. मंदिराच्या हिशेबासंबंधी बोलण्यास एक वयोवृद्ध विश्वस्त आमच्या घरी आले होते. सभेत त्यांना हसताना कोणी पाहिलेले नाही. चिरंजीव रांगत त्यांच्या पायाशी गेले, धोतराचा सोगा धरून उभे राहिले आणि त्यांच्याकडे पाहून हसले. विश्वस्तांनी प्रथम भिंतीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले आणि शेवटी उपरणे तोंडावर ओढून घेऊन हळूच 'भॉक्' केले. त्यानंतर अर्धा तास हिशेबाची वही उघडली गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारी कचरा नेण्यास आलेल्या मावशींनाही चिरंजीवांनी तेच हास्य, तेवढेच भरून दिले. विश्वस्तांना रतिभर अधिक नाही आणि मावशींना रतिभर उणे नाही. मानापमान नसणे म्हणजे काय, हे अकराव्या स्कंधात आम्ही अनेकदा वाचले होते. उंबऱ्यावर बसून पाहिले ते त्या दिवशी प्रथम.

या 'भॉक्'च्या खेळाविषयी शास्त्रज्ञही विचार करीत आले आहेत. बाळ जन्मल्यावर साधारण दीड-दोन महिन्यांनी माणसाचे तोंड पाहून हसू लागते, तीन-चार महिन्यांचे झाले की आवाज करून हसते. परंतु डोळ्यांदेखत झाकून ठेवलेली वस्तू हाताने शोधू लागते ते आठव्या महिन्याच्या सुमारास. ज्याँ पियाजे (1896–1980) या स्विस मानसशास्त्रज्ञाने आपल्या स्वतःच्याच तीन मुलांकडे वर्षानुवर्षे बारकाईने पाहून ही गोष्ट नोंदविली. त्याच्या मते त्याआधी उपरण्यामागे गेलेले तोंड बाळाच्या लेखी जणू नाहीसेच होते, आणि पुढे उपरणे ओढले की तोंड तेथेच आहे, याचा बाळाला आनंद होतो. आम्हा प्रौढांची स्थिती याहून फार पुढे गेली आहे, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. दिवस बरे असता देव आहे असे आम्ही म्हणतो. संकटाचे उपरणे मध्ये आले की तो नाहीच, असे समजून रडू लागतो.

असे पाठ चालू असता एका पौर्णिमेस आमच्या घरी सत्यनारायणाची पूजा झाली. त्या दिवशीचा प्रसंग सांगताना लेखणी आजही जड होते, तथापि या लेखाचे प्रयोजनच तो प्रसंग आहे.

पूजा आटोपली होती. चौरंगावर नवग्रहांच्या आणि अष्टदिक्पालांच्या सुपाऱ्या मांडलेल्या होत्या. सौभाग्यवती प्रसादाचा शिरा वाढून देण्यासाठी स्वयंपाकघरात गेली. जाताना म्हणाली, "अहो, याच्याकडे जरा पाहा." आम्ही 'हो' म्हटले. मान मात्र वर केली नाही. हातातील भ्रमणध्वनीवर पुढील प्रवचनाच्या शीर्षकासंबंधी आमचा पत्रव्यवहार चालू होता. नवव्या महिन्याच्या सुमारास बाळाला अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत लहान वस्तू उचलता येऊ लागते. चिरंजीवांस ही विद्या नुकतीच साधली होती आणि समोर सुपाऱ्यांची रांग मांडलेली होती.

बाळ असलेल्या घरात शांततेसारखी भयंकर वस्तू नाही. पण ती ऐकू येण्यासाठीही कान तयार असावा लागतो. आम्ही मान वर केली तेव्हा चिरंजीवांचे तोंड उघडे होते, डोळे विस्फारले होते, ओठ निळसर पडत होते आणि घशातून कोणताही आवाज निघत नव्हता. आम्ही 'नारायण, नारायण' म्हणत त्यांच्या तोंडात बोट घालू लागलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौभाग्यवती धावत आली. तिला कोणी हाक मारली नव्हती. तिने ती शांतता ऐकली होती. आमचा हात तिने बाजूस सारला, चिरंजीवांना आपल्या डाव्या हातावर पालथे घेतले, हनुवटीला आधार देऊन डोके खाली झुकविले आणि उजव्या तळव्याच्या मनगटाकडील भागाने दोन्ही खांद्यांच्या मध्ये जोराने मारले. एक, दोन, तीन. चौथ्या वेळी सुपारी टपकन जमिनीवर पडली आणि चिरंजीवांनी टाहो फोडला. त्या रडण्याहून गोड असे कोणतेही गायन आम्ही आजवर ऐकलेले नाही.

ही रीत तिने बालरोगतज्ज्ञांकडून शिकून घेतली होती. लस टोचण्यास गेलो असता त्यांनी ती बाहुलीवर करून दाखविली होती. वर्षाच्या आतील बाळाचा श्वास असा अडला तर पाठीवर असे पाच आघात करावे, तेवढ्याने न निघाल्यास बाळाला उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबावे, वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने चालू ठेवावे आणि दुसऱ्या कोणास तत्काळ वैद्यकीय मदत बोलाविण्यास सांगावे. वस्तू डोळ्यांना दिसत नसता तोंडात बोट घालू नये, कारण त्याने ती आणखी आत जाते. आम्ही नेमके तेच करीत होतो. तो पाठ चालला असता आम्ही कोठे होतो, हे आम्हांस चांगले आठवते. बाहेरच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचीत होतो.

त्याच सायंकाळी चिरंजीवांस डॉक्टरांना दाखविले. सर्व कुशल होते. घरी येताच चिरंजीवांची दृष्टी कोपऱ्यात घरंगळलेल्या त्याच सुपारीकडे गेली. ते आनंदाने हसले आणि रांगत तिच्या दिशेने निघाले. मानापमान नाही, भूतकाळ नाही, भय नाही. अवधूताचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आणि तेच खरे असल्यामुळे घरात दुसऱ्या कोणाला तरी भय बाळगणे आवश्यक होते.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. चार वेळा उठून आम्ही पाळण्यापाशी गेलो आणि वाकून श्वास पाहिला. चौथ्या वेळी अंधारातून सौभाग्यवतीचा आवाज आला, "चालू आहे ना? मग आता निजा." ज्या आईची आम्ही सभेत नक्कल केली होती, तिची जागा त्या रात्री आम्हांस मिळाली. त्या जागेवरून पुरुषांच्या बाजूचा तो हशा फार निराळा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी पोथी उघडून दशम स्कंधातील आठवा अध्याय पुन्हा वाचला. बलराम आणि गोपबालक तक्रार घेऊन येतात की, कृष्णाने माती खाल्ली. यशोदा त्याचा हात धरते, रागावते, तोंड उघडावयास लावते आणि त्या इवल्या मुखात तिला अवघे विश्व दिसते. या विश्वदर्शनावर आम्ही आजवर कितीतरी वेळा बोललो आहोत. पण यशोदेने तोंड उघडावयास का लावले, याचा विचार आमच्या मनात कधी आला नाही. ती विश्व पाहण्यास गेली नव्हती. ती माती पाहण्यास गेली होती. प्रत्येक घरात दिवसातून दहा वेळा जे घडते, 'आ कर पाहू, काय घातलेस तोंडात?', तेच त्या दिवशी गोकुळात घडले. योग्यांना तपाने जे दर्शन होत नाही, ते एका गवळणीला लेकराच्या तोंडातील माती शोधताना झाले. आणि पुढे काय होते? वैष्णवी मायेने तिला त्या दर्शनाचा विसर पडतो आणि ती बाळाला पुन्हा मांडीवर घेते. विश्वरूप विस्मृतीत गेले तरी मांडी राहिली. भागवतकारांनी तिला 'बद्ध' म्हणून हसण्यावारी नेलेले नाही. उलट पुढच्याच अध्यायात भगवंताला बांधण्याचा मान तिला दिला आहे.

त्या अध्यायात यशोदा कृष्णाला उखळाशी बांधू लागते, तेव्हा दोरी दोन बोटे कमी पडते. दुसरी जोडावी, तरी दोन बोटे कमीच. घरातील सारी दावी संपतात, ती घामाघूम होते, वेणीतील फुले गळून पडतात. तिचे हे श्रम पाहून भगवंत कृपेने बांधून घेतो. टीकाकारांनी या दोन बोटांचा अर्थ लावला आहे की, एक बोट भक्ताच्या श्रमाचे आणि दुसरे भगवंताच्या कृपेचे. आम्ही प्रवचनात कृपेचे बोट नेहमी दाखवीत आलो. घामाचे बोट आम्हांस दिसले ते सत्यनारायणाच्या दिवशी.

आमच्या पोळात शेजारी एक वृद्ध गुजराती वैष्णव भगिनी राहतात. श्रीवल्लभाचार्यांच्या (1479–1531) पुष्टिमार्गाप्रमाणे त्यांच्या घरी लालजींची सेवा आहे. हवेलीत मंगळेपासून शयनापर्यंत जी आठ दर्शने होतात, त्याच क्रमाने त्या आपल्या बालस्वरूप ठाकोरजींना सकाळी हलक्या हाताने जागे करतात, थंडीत रुईची बंडी घालतात, उन्हाळ्यात पंखा ढाळतात. घडलेला प्रकार ऐकून त्या बाळाची दृष्ट काढण्यास आल्या, तेव्हा आम्ही त्यांना आमच्या प्रवचनाची हकीकत प्रांजळपणे सांगितली. त्या हसून म्हणाल्या की, लालजींना थंडी वाजेल म्हणून मी रात्री उठते, त्याला तुम्ही भक्ती म्हणता, आणि ही लेकरासाठी उठते तर त्याला मोह म्हणता, हे शास्त्र कोणते? आमच्यापाशी उत्तर नव्हते. दृष्ट काढणाऱ्या आजीचीही आम्ही नक्कल केली होती, हे त्यांना सांगण्याचा धीर मात्र आम्हांस झाला नाही.

तर सज्जनहो, आता दुरुस्ती.

आपल्या मराठी भाषेत दोन प्रयोग आहेत, काळजी करणे आणि काळजी घेणे. आम्ही त्या सायंकाळी या दोहोंची गल्लत केली. काळजी करणारा मनुष्य बाळाकडे पाहतच नाही. तो उद्याकडे पाहतो. हा पुढे कोण होईल, लोक काय म्हणतील, म्हातारपणी आपल्याला पाहील की नाही, या विचारांत बाळ निमित्तमात्र असते आणि खरा विषय आपण स्वतः असतो. त्यास मोह म्हणावे, आणि संत त्याविषयीच आपणांस सावध करतात. काळजी घेणारा मनुष्य या क्षणी बाळाच्या तोंडात काय आहे, एवढेच पाहतो. त्यात 'मी' कोठेच नाही. त्यास सेवा म्हणावे. गंमत अशी की, भ्रमणध्वनीवर पुढील प्रवचनाचे शीर्षक योजीत बसलेले आम्ही मोहात होतो, आणि शिरा ढवळता ढवळता शांतता ऐकणारी ती सेवेत होती.

दुसरे असे की, अवधूताचा एकोणिसावा गुरु निश्चिंत आहे तो कोणाच्या जिवावर? कोणीतरी जागे आहे म्हणून तो निजतो. कोणीतरी सुपाऱ्या उचलून वर ठेवते म्हणून तो हसत रांगतो. बाळाला हे ठाऊक नसते, भक्ताला ते ठाऊक असते, आणि दोघांच्या निश्चिंततेत फरक एवढाच आहे. बाळासारखे होणे म्हणजे बेफिकीर होणे नव्हे. आपल्यासाठी कोणी जागत आहे हे ओळखून विश्वासाने हसणे, हे बाळासारखे होणे. आणि ज्यांच्या घरी बाळ आहे, त्यांना भगवंताने काही काळापुरते आपल्या जागेवर बसविले आहे. जागणाऱ्याच्या जागेवर बसलेल्याने झोपणे हाच अधर्म.

म्हणून आमची आपणां सर्वांस, विशेषतः पुरुषांच्या बाजूस त्या दिवशी हसलेल्या बंधूंस, नम्र विनंती आहे. ज्या घरी रांगते मूल असेल, तेथे पूजा होताच सुपाऱ्या, नाणी, मणी, खारका मोजून उचलाव्या. बाळाला घास भरविताना शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत, आणि वर्षाच्या आत मधाचे बोटही नको, असे वैद्यक आज सांगते. पाठीवर आघात करण्याची ती रीत आईने एकटीने न शिकता बापाने, आजोबांनी, घरातील प्रत्येकाने शिकावी. आणि कोणी 'याच्याकडे जरा पाहा' म्हणाले, तर 'हो' म्हणण्यापूर्वी मान वर करावी.

स्त्रियांच्या बाजूस तिसऱ्या ओळीत आणि इतर सर्व ओळींत बसलेल्या मातांची आम्ही या लेखाने क्षमा मागत आहोत. त्या रात्री ज्यांची आम्ही नक्कल केली, त्यांच्याच जागरणावर आमचे घर उभे आहे.

हा लेख लिहीत असता चिरंजीव मेजाखाली बसले असून आमच्या वहाणेचा अंगठा त्यांच्या तोंडात आहे. आम्ही मान वर केली आहे. तोंड उघडावयास लावून पाहिले. विश्व दिसले नाही, एक चामड्याचा दोरा निघाला. गुरु हसत आहेत.

सर्वांच्या घरी असे हसणारे गुरु नांदोत, आणि त्यांच्यासाठी जागण्याचे बळ सर्वांस मिळो, हीच बाळकृष्णाच्या चरणी प्रार्थना.

शुभं भवतु.